सुटे भाग

जुनं यंत्र हातात आलं की मी ते आधी उलटं करतो. घड्याळ असो, मिक्सर असो, कुणाकडचा बंद पडलेला रेडिओ असो. पुढची बाजू नाव सांगते, आणि नाव बऱ्याचदा उसनं असतं. मागे स्क्रू असतात. त्यांच्या खाचा झिजलेल्या असतील तर आपल्याआधी कुणीतरी आत जाऊन आलंय हे कळतं. चारांतले तीन एका जातीचे आणि चौथा निराळा असेल, तर आत गेलेला माणूस घाईत होता की कडकीत, याचा विचार करत बसता येतं. ही सवय अण्णांची. अण्णा म्हणजे वडील, गिरणीत रिंग खात्यात फिटर. पाहुण्यांनी कौतुकानं दाखवायला आणलेली नवी वस्तूही ते आधी उलटी करून बघायचे आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारायची.

एक पेटी घरात आली ती याच सवयीपायी. मी राहतो तो भोईवाडा परळचा. भुलेश्वरलाही एक भोईवाडा आहे. टॅक्सीवाल्याला नीट सांगितलं नाही तर तो तिकडे नेऊन सोडतो. आमच्याकडे एका अंगाला केईएम, टाटा, वाडिया ही इस्पितळं, दुसऱ्या अंगाला पोलीस ठाणं आणि कोर्ट. सकाळी रस्त्यानं जाणाऱ्यांच्या हातात दोनच प्रकारचे कागद दिसतात, एक्स-रेचे आणि खटल्यांचे. फुटपाथवर गावोगावचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक स्टोव्ह पेटवून बसलेले असतात. त्यांच्यातून वाट काढत गल्लीत शिरलं की भंगारवाल्याचा काटा. चाळी रिकाम्या होताहेत, टॉवर उठताहेत, आणि नव्या घराला पोटमाळा नसतो. त्यामुळे तीस-चाळीस वर्षं वर अंधारात पडून राहिलेल्या वस्तू एकदम खाली उतरल्या आहेत. पितळी स्टोव्ह, शिवणयंत्राचे पाय, दूरदर्शनच्या अँटेना. त्या ढिगात ही होती. मळकट दुधी रंगाची, पुढे उतरती, अंगचाच कीबोर्ड असलेली पेटी. नावाची पाटी असायची तिथे नुसता चौकोनी खळगा आणि वाळलेल्या गोंदाचे पिवळे डाग.

“टाइपराइटर है साहब, बिजलीवाला,” भंगारवाला म्हणाला आणि त्यानं ती काट्यावर ठेवली. लोखंडाच्या भावात नाही, प्लास्टिकच्या भावात नाही, मधलाच काहीतरी दर लागला.

घरी आणून उलटी केली. स्क्रू सगळे निरनिराळे.

झाकण उघडल्यावर पहिल्यांदा बघायचा तो चाळीस पायांचा मोठा आयसी, म्हणजे प्रोसेसर. ते या यंत्राचं मूळ गाव. १९८०च्या आसपासच्या घरगुती कॉम्प्युटरांची दोन मोठी घराणी होती: एक झायलॉगच्या झेड-८०चं, दुसरं एमओएस टेक्नॉलॉजीच्या ६५०२चं. सिंक्लेअर स्पेक्ट्रम पहिल्या घराण्यातला. अॅपल टू आणि बीबीसी मायक्रो दुसऱ्यातले. माझ्या पेटीत दोन्ही होते, एकाच बोर्डावर, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. आणि मागच्या बाजूला आठ लांबट खाचा ओळीनं. तिथेच निम्मी ओळख पटली. आठ खाचा म्हणजे अॅपल टू. पण खऱ्या अॅपल टूच्या बोर्डावर झेड-८० कधीच नव्हता. ज्याला सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमवरचे, वर्डस्टारसारखे प्रोग्रॅम चालवायचे असत त्याला वेगळं कार्ड विकत घेऊन खाचेत बसवावं लागे. अतिपूर्वेकडच्या नकलाकारांनी ते कार्डच बोर्डात मुरवून टाकलं. मूळ यंत्रात नसलेली सोय दिसली की समजावं, ही नक्कल आहे. नकलाकारावर ‘तेच’ देण्याची सक्ती असते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा थोडं जास्तच देतो.

अॅपल टू १९७७चा. स्टीव्ह वॉझ्नियॅकनं तो बाजारात कुणालाही मिळतील अशा सुट्या आयसींवर उभा केला होता. त्यात गुपित असं जवळजवळ नव्हतंच, म्हणून तैवानपासून बल्गेरियापर्यंत त्याच्या नकला निघाल्या. बल्गेरियातल्या नकलेचं नाव प्राव्हेत्स, तिथल्या एका गावावरून पडलेलं. देशाचे सर्वेसर्वा तोदोर झिव्हकोव्ह त्याच गावचे. अॅपलचं स्वतःचं असं काय, तर रॉममधला प्रोग्रॅम. अमेरिकेतल्या फ्रँकलिन कंपनीनं तोही जसाच्या तसा उचलला. खालच्या कोर्टानं आधी मनाई हुकूम नाकारला, मग १९८३ साली अपील कोर्टानं निकाल फिरवला: चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रॅमलाही कॉपीराइट लागतो. त्यानंतर नकलाकार निदान पडद्यावर येणारं नाव तरी बदलू लागले. अॅपल टू चालू केला की वरच्या ओळीत मधोमध त्याचं नाव येतं, आठ अक्षरांच्या जागेत. कुणी तिथे आपलं नाव घाली, कुणी देशाचं, कुणी बायकोचंही घातलं असेल.

माझ्या पेटीतल्या रॉमच्या जागी काचेची खिडकी असलेले ईप्रॉम होते. ऊन लागून आतलं पुसलं जाऊ नये म्हणून खिडकीवर काळी इन्सुलेशन टेप. ते काढून लॅपटॉपला जोडलेल्या रीडरमध्ये वाचले. नावाच्या जागी आठ मोकळ्या जागा. नाव खोडणारा बाहेरच्या पाटीपाशी थांबला नव्हता तर.

मग इतर साक्षीदारांकडे वळावं लागतं. आयसीच्या पाठीवर चार आकडे असतात, दोन सालाचे आणि दोन आठवड्याचे. ८४२३ म्हणजे १९८४ सालचा तेविसावा आठवडा. बोर्डावरचे सगळे आकडे उतरवून घ्यायचे. त्यांतला सगळ्यांत उशिराचा घ्यायचा. यंत्र त्यानंतर कधीतरी जोडलं गेलं. क्रिस्टलवरचा आकडा १४.३१८. म्हणजे पेटी अमेरिकी पद्धतीच्या टीव्हीसाठी घडलेली, तैवान-जपानात चालतो तसल्या. आपल्याकडच्या टीव्हीवर तिचे रंग उमटले नसतेच, आणि चित्रही व्ही-होल्डचं बटण पिळत बसल्याशिवाय स्थिरावलं नसतं. इथवर परदेश. पण पॉवर सप्लाय उघडला तर आत केल्ट्रॉनचे कपॅसिटर, थेट केरळचे, आणि ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळलेला, वर वार्निशचा वास अजून येणारा. नोव्हेंबर १९८४मध्ये राजीव गांधींच्या सरकारनं कॉम्प्युटरचं नवं धोरण जाहीर केलं, सुटे भाग आणणं सोपं झालं, आणि मुंबईत-दिल्लीत खोल्याखोल्यांतून अशी जुळणी सुरू झाली. बोर्ड तिकडचा, वीज इकडची. जोडणारा कोण, ते मात्र पेटी सांगत नाही.

नाव असलेली यंत्रंही त्या काळात होती. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं १९८६च्या सुमारास सिंक्लेअरचा परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काढला. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं बीबीसी मायक्रोचं देशी रूप केलं, त्याला ‘युनिकॉर्न’ म्हणत. १९८४मध्ये सरकारनं सुरू केलेल्या शाळांच्या ‘क्लास’ प्रकल्पात बीबीसीची यंत्रं वाटली गेली. फेब्रुवारी १९८९मध्ये मोहालीच्या त्या कारखान्याला मोठी आग लागली, पुढची कितीतरी वर्षं तो सावरला नाही. आणि नव्वदीत आले ते टीव्ही गेमवाले, कीबोर्ड लावून स्वतःला ‘एज्युकेशनल कॉम्प्युटर’ म्हणवणारे. आईबापांना अभ्यास दिसावा आणि पोरांना मारिओ, अशी दोन्हीकडची सोय.

यांतला डीबी स्पेक्ट्रम मी लहानपणीच पाहिला होता, कारण दादाकडे होता. दादा माझा चुलतभाऊ. मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला आणि तो मिटला असं कुणी कधी अधिकृतपणे म्हटलंच नाही. त्या वर्षी दादा नववीत होता. चार-पाच वर्षांनी त्यानं चाळीतली एक भाड्याची खोली घेऊन कॉम्प्युटर क्लास काढला. यंत्रं थोडी, पोरं जास्त. बाहेर चपलांचा ढीग, कारण कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही हा तेव्हाचा नियम. तो कुणी केला कुणास ठाऊक, पण देवघराइतक्या कडकपणे पाळला जायचा. आत ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, शेजारी कॅसेट प्लेअर, आणि पोरं आळीपाळीनं बेसिकमध्ये पाढे छापायला शिकत. क्लास बंद पडला तसा तो स्पेक्ट्रम आमच्या पोटमाळ्यावर आला, आणि पेटीच्या निमित्तानं आता खाली.

स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ला लंडनमध्ये जाहीर झाला. इकडे तेव्हा संपाला तीन महिने होऊन गेले होते आणि घरात तांदूळ मोजून शिजत होता. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी पुष्कळ वर्षं धरून चाललो होतो.

स्वस्तात बसवण्यासाठी सर क्लाइव्ह सिंक्लेअरनं काय काय केलं ते आत बघण्यासारखं आहे. ४८ केच्या यंत्रात वरची ३२ के मेमरी ज्या आठ चिपांत असते, त्या खरं तर ६४ हजार बिटांच्या, पण निम्म्या नासलेल्या. कारखान्याच्या चाचणीत एक अर्ध नापास झालं की अशा चिपा फेकून न देता, चांगल्या अर्धाचा क्रमांक घालून स्वस्तात विकत. बोर्डावर एक तार असते. कुठलं अर्ध वापरायचं ते ती ठरवते. एक चिप गेली आणि बदली आणली, तर बदलीचंही तेच अर्ध चांगलं असावं लागतं. मी नवी, दोन्ही अर्धांनी धडधाकट चिप बसवली. यंत्राला फरक कळला नाही. निम्मी मेमरी तिथे आजही बेकार बसलेली आहे.

पण स्पेक्ट्रमचा खरा जीव यूएलए नावाच्या एका आयसीत. चित्र काढणं, कीबोर्ड वाचणं, कॅसेटचा आवाज ऐकणं, सगळं तो एकटा करतो. ही चिप फेरंटी कंपनीची. त्यांची पद्धत अशी की सिलिकॉनवर न जोडलेल्या सर्किटांची रास आधीच करून ठेवायची आणि गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे शेवटचा धातूचा थर तेवढा निराळा द्यायचा. त्यामुळे सिंक्लेअरसाठी केलेली चिप दुसऱ्या कुठल्याच दुकानात मिळत नाही. रशियातल्या हौशी इंजिनिअरांनी तिचं काम साध्या आयसींवर वाटून टाकलं आणि ‘लेनिनग्राड’, ‘पेंटॅगॉन’ अशा नावांचे स्पेक्ट्रम घरी बनवले. आत झेड-८०ही आपापल्या भागातला, पूर्व जर्मनीत एर्फुर्टला केलेली यू-८८० ही नक्कलसुद्धा चालायची.

या फेरंटीच्या जुन्या जाहिराती चाळत होतो. सेमीकंडक्टर विभागाचा पत्ता खाली छापलेला: जेम मिल, चॅडर्टन, ओल्डहॅम, लँकेशायर. मिल म्हणजे कापसाचीच गिरणी. सूतगिरण्या बसल्या आणि त्यांच्या इमारतीत सिलिकॉन आलं.

ओल्डहॅम हे नाव मात्र मला नवं नव्हतं. अण्णांना इंग्रजी बेताचंच येत होतं, पण काही शब्द ते अक्षरं न लावता, आकारावरून ओळखत. त्यांतले दोन म्हणजे ‘प्लॅट’ आणि ‘ओल्डहॅम’. प्लॅट ब्रदर्स ही ओल्डहॅमची कंपनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापड-यंत्रं करणारी जगातली सगळ्यांत मोठी. मुंबईच्या गिरण्यांत त्यांची यंत्रं ओळीनं उभी असायची, ओतीव चौकटीवर उठावाच्या अक्षरांत नाव. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, तिकडून भाग येईना. मग गिरणीच्याच वर्कशॉपात दाते पाडले गेले, बुशिंग कातली गेली, नमुना म्हणून मोडका भाग समोर ठेवून. अण्णा सांगायचे, आमच्या खात्यातल्या एका फ्रेममध्ये ओल्डहॅमचं म्हणावं असं चौकटीपलीकडे काही उरलेलं नव्हतं. आणि तरी तिला सगळे ‘प्लॅट’च म्हणत. नवीन बदली कामगाराला जॉबर सांगायचा, “तू प्लॅटवर जा.”

तो जात असे, आणि सूत निघत असे.

मला वाटतं, या नकली पेट्यांचा मला इतका लळा लागलाय तो त्या फ्रेमपायी. परदेशात जुने कॉम्प्युटर जमवणारी हौशी मंडळी ‘ओरिजिनल’ भागासाठी जीव टाकतात. सालही जुळायला हवं, आठवडाही जुळायला हवा. त्यांच्या यंत्रांना ते शोभतं. पण माझ्या पेटीला ओरिजिनल म्हणजे काय लावायचं? ती जन्मली तीच पर्यायांतून. तिच्या बोर्डावरचा प्रत्येक आयसी कुणीतरी ‘हा नाही मिळत, तर तो चालेल’ असं म्हणून लावलाय. तिची ओळख शोधायची तर मूळ आराखड्यापासून ती कुठे कुठे ढळली तेच बघावं लागतं. एका जागी ७४एलएस मालिकेतल्या आयसीऐवजी साधा, जास्त तापणारा ७४ लावलाय आणि त्याच्यावर अॅल्युमिनियमची पट्टी चिकटवलीय, कात्रीनं कापलेली, कडा हातानं घासलेल्या. ही पट्टी तैवानची नव्हे. हिच्यामागे एक दुपार आहे, बंद दुकान आहे, उद्या यंत्र द्यायचा वायदा आहे. सही म्हणून मला ती पाटीपेक्षा भरवशाची वाटते.

भाग शोधायचे म्हणजे लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी बिलावर लॅमिंग्टनच. दादरहून स्लो पकडायची, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. अरुंद दुकानं, काउंटरमागे छतापर्यंत छोट्या खणांची भिंत, आणि विचारलेला नंबर ऐकताच, वर न बघता योग्य खणाकडे जाणारा हात. ७४ मालिका अजून मिळते. ४११६ म्हटलं की हात थबकतो. ही मेमरीची जुनी चिप, हिला तीन निरनिराळे व्होल्टेज लागतात, आणि त्यांतला एक आधी गेला की ती स्वतः जळून मोकळी होते. स्पेक्ट्रममध्ये खालच्या मेमरीसाठी अशा आठ, प्रत्येक चिपकडे बाइटमधला एकेकच बिट. त्यामुळे एक मेली की त्या मेमरीत प्रत्येक ठिकाणी तोच एक बिट चुकतो, आणि पडद्यावर उभ्या रेघा येतात. कुठली गेली ते रेघेच्या जागेवरून ओळखायचं.

“कौन पूछता है अभी ये?” काउंटरवरचे म्हातारे शेठ म्हणाले. आतून एक नळी आणली, तिच्यात काळे आयसी. “निकाला हुआ माल है. चालू निकला तो आपका नसीब, वापस मत लाना.” भिंगातून बघितलं तर छपाई फारच कोरी. जुन्या आयसीची पाठ घासून, वर काळा लेप देऊन, नवा नंबर छापण्याचा उद्योग मोठा आहे. कापसाच्या बोळ्यावर अॅसिटोन घेऊन पुसलं की लेप सुटतो आणि खालचा खरा नंबर वर येतो. काउंटरवर उभं राहून तसं करणं बरं दिसत नाही. शेठनी स्वतःच बाटली पुढे सरकवली. नळीतले काही आयसी खरे निघाले.

सगळंच तिथे मिळेल अशी आशा करू नये. झायलॉगनं २०२४ साली जुन्या झेड-८०च्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या आणि १९७६पासून चाललेलं उत्पादन थांबवलं. ४११६ला पर्याय म्हणून ४१६४ चालते. एकाच व्होल्टेजवरची, सहनशील. फक्त तिचे दोन-तीन पाय सॉकेटात न घालता वर वाकवायचे आणि तारेनं दुसरीकडे न्यायचे. दिसायला ओंगळ. माझ्या एका मित्राला ते बघवत नाही. तो म्हणतो, झाकण लावून मगच दाखवत जा. अण्णांनी बघितलं असतं तर तार कुठून कुठे गेलीय ते विचारलं असतं, आणि कदाचित म्हणाले असते, सोल्डर जास्त झालंय.

पेटी आता चालते. वरच्या ओळीत नाव येत नाही, नुसता कर्सर लुकलुकतो. बघायला येणारे हटकून विचारतात, कुठल्या कंपनीचा? मी कधी एक सांगतो, कधी दुसरं.

स्पेक्ट्रमचं घोडं मात्र वेगळ्याच ठिकाणी अडलंय. त्याच्यासोबत पोटमाळ्यावरून एक कॅसेट निघाली, लेबलवर दादाच्या अक्षरात ‘हिशोब’. दादा आता डोंबिवलीला असतो. फोन केला.

“दादा, कॅसेटमध्ये आहे काय?”

“आठवत नाही रे. बहुतेक गिरणीचा असणार. तुझ्या अण्णांचे नि आमच्या बाबांचे फंड-ग्रॅच्युइटीचे किती निघतात ते काढायला केला होता. हजेरीचे दिवस, दर, सगळं घालून.”

“मग किती निघाले?”

“मिळाले त्याच्यापेक्षा जास्त निघाले असतील. बघ ना लावून.”

लावली. आधी एकसुरी शिट्टी, कडेला जाड पट्टे, मग क्षणभर कचकच, आणि पडद्यावर प्रोग्रॅमचं नाव आलं, रोमन अक्षरांत ‘हिसोब’. पुन्हा शिट्टी, बारीक पट्टे, आणि अर्ध्या वाटेत यंत्राचा इंग्रजी निरोप: टेप लोडिंग एरर. पुन्हा लावली, तिथेच थांबली. कॅसेट प्लेअरचं हेड ज्या कोनात असतं त्याच कोनात आवाज टेपवर उमटतो. दादाच्या प्लेअरचं हेड बहुधा तिरकं होतं, माझ्याचं सरळ आहे. हेडशेजारी बारीक स्क्रू असतो, तो पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे पिळत कानानं कोन शोधायचा. शोधतोय. त्यापेक्षा दादाचा तो जुना प्लेअरच मिळाला तर काम झटक्यात होईल. दादा म्हणतो, तो केव्हाच भंगारात गेला. वहिनी मागून ओरडून सांगत होत्या की नाही गेला, कपाटावरच्या सुटकेसमध्ये आहे.